बसवत नाही

आर्डिसने शेवटचा स्क्रू सोडवला आणि जिप्समचा तो भला मोठा तक्ता खांद्याने तोलून धरत भिंतीपासून अलगद वेगळा केला. एकटीने करायचं काम नव्हतं ते. तक्ता तिच्यापेक्षा हातभर उंच आणि वजनाला तिच्या निम्म्याच्या आसपास. पण साडेसहा वाजले होते, बाकीची मंडळी साडेसातला यायची, आणि त्याआधी ही भिंत पुन्हा होती तशी दिसायला हवी होती.

तक्ता समोरच्या भिंतीला टेकवून तिने लाकडी सांगाड्यात डोकावून पाहिलं. होतीच. न्हाणीघरातल्या दिव्याच्या बटणाची निळी डबी फळीला ठोकलेली, तिच्यातून तीन वायरी बाहेर आलेल्या. काल दुपारी तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने तक्ता ठोकला तेव्हा या डबीपुरतं चौकोनी भोक कापायचं राहून गेलं होतं आणि डबी भिंतीच्या पोटात गडप झाली होती. काल घरी निघताना आर्डिस उगाच सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून आली होती. ही भिंत जरा जास्तच कोरी आहे हे तेव्हाच तिच्या डोळ्यांत खुपलं होतं.

तिने माप घेतलं, पेन्सिलीने चौकोन आखला, हातकरवत चालवली. पांढरी भुकटी तिच्या मनगटांवर, चष्म्यावर बसली.

मार्चपासून हे सुरू होतं. तेव्हा ती दोघं फ्लोरिडात होती. वादळात छप्पर उडालेल्या एका घरात व्हर्लिनने दार उलट्या बाजूने बसवलं आणि सगळे हसले, तोही हसला. मग मापं चुकायला लागली. मग एकदा तो जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्याच घराच्या पायऱ्या चढून आत गेला. तेव्हापासून आर्डिस सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर यायची. "मला झोप येत नाही," असं सांगायची. कुणी खोलात जात नसे. चर्चच्या मदतकामाला येणारी माणसं बहुतेक साठी-सत्तरीची, त्यांच्यात झोप न येणाऱ्यांना तोटा नव्हता.

"तुला खरंच झोप येत नाही, की नवरा घोरतो?"

दारात डेल्फिया उभी होती, दोन्ही हातांत कॉफीचे पेले. वय त्र्याऐंशी, अंगाने चिमणीएवढी, पायात मुलाचे जुने रबरी बूट. दोन वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला आणि तिचं घर चुलीसकट वाहून गेलं. तेव्हापासून ती मागच्या उतारावर, कुणीतरी वापरायला दिलेल्या डब्यासारख्या ट्रेलरमध्ये राहत होती. हे नवं घर तिचंच. उंच खांबांवर उभं केलेलं. पुढच्या शनिवारी पाद्री येऊन प्रार्थना म्हणणार होते आणि किल्ली तिच्या हातात देणार होते. खोऱ्यातले सगळे तिला मॅमॉ म्हणायचे, म्हणजे आजी.

आर्डिसने करवत पाठीमागे लपवायचा अर्धवट प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"भोक कापायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "कुणाकडून तरी."

"कुणीतरी." डेल्फियाने कॉफीचा घोट घेतला. "काल हा कुणीतरी इथे शीळ घालत होता. छान घालतो."

आर्डिसने तक्ता उचलायला हात घातला.

"थांब, मी धरते."

"नको मॅमॉ, जड आहे."

"पुराच्या पाण्यात मी सहा तास तरंगत्या फ्रिजवर बसून होते. तक्त्याचं काय कौतुक सांगतेस!"

आणि खरोखरच तिने पेले खिडकीत ठेवले, दोन्ही तळवे तक्त्यावर दाबले आणि आर्डिसचे स्क्रू मारून होईपर्यंत हलली नाही. निळी डबी चौकोनातून नीट बाहेर आली. आर्डिसने खालची भुकटी हातानेच गोळा करायला सुरुवात केली.

"तुमचं घर कुठंय गं खरं?" डेल्फियाने विचारलं.

"चर्चच्या आवारात उभं आहे की. चाकांवर."

"ते घर नव्हे, ती गाडी. मी राहतेय ना दोन वर्षं तसल्यात. चमचा धुवायला वाकलं की ढुंगण न्हाणीत जातं."

आर्डिसला हसू आलं. "नेब्रास्कात होतं घर. विकलं. नऊ वर्षं झाली."

"आणि तेव्हापासून ही हिंडफिर? दुसऱ्यांची घरं बांधत?"

"व्हर्लिनला बसवत नाही," आर्डिस म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. "अडतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला तो. वादळ झालं की सगळे घरात आणि हा बाहेर. हातातलं हत्यार काढून घेतलं तर महिनाभरात संपेल."

डेल्फियाने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतला दुसरा पेला आर्डिसच्या हातात दिला.

"पी. गार होतेय."

*

मंगळवारी दुपारी ते घडलं.

स्वयंपाकघरात ग्लेंडन स्टुलावर उभा राहून छताचा दिवा जोडत होता. ग्लेंडन इंडियानाचा, डुकरं पाळून निवृत्त झालेला, अंगाने आडवा आणि स्वभावाने त्याहून ऐसपैस. काम सुरू करण्याआधी त्याने मागच्या खोलीतल्या वीजपेटीतला खटका खाली पाडला होता आणि "स्वयंपाकघर बंद!" असं ओरडून सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आर्डिस बोळात खिडकीची चौकट घासत होती. व्हर्लिन तिच्यामागून गेला. उकाडा मरणाचा होता, केंटकीचा ऑगस्ट, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसलेली. त्याने कोपऱ्यातल्या पंख्याचं बटण दोनदा दाबलं. पंखा फिरला नाही. तो मागच्या खोलीकडे वळला. त्याच्या पाठीकडे पाहताना आर्डिसच्या मनात काहीतरी चमकलं, पण हातातली घासपट्टी थांबायला एक क्षण उशीर झाला.

ठक, असा बारीक आवाज आला. पंखा फिरायला लागला. आणि स्वयंपाकघरात स्टूल कोसळलं.

ती धावली. ग्लेंडन जमिनीवर पाठीवर पडला होता, डोळे उघडे. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळवंडलेली.

"जिवंत आहे," तोच म्हणाला. "कुणी मोजत असेल तर."

लोरेन बाहेरच्या जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या चढत आला. लोरेन यूट्सी या कामाचा प्रमुख, पंचेचाळिशीचा, शांत माणूस. इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांत तोच तेवढा पगारी. त्याने ग्लेंडनची नाडी पाहिली, बोटं पाहिली, मग उठून मागच्या खोलीत गेला. सगळे त्याच्यामागे गेले. वीजपेटीचं दार उघडं होतं आणि तिच्यापासून दोन पावलांवर व्हर्लिन उभा होता. त्याचे हात बाजूला लोंबत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"खटका कुणी वर केला?" लोरेनने विचारलं.

"मी," आर्डिस म्हणाली.

सगळे वळले.

"पंखा बंद होता. उकडत होतं. ग्लेंडन ओरडला ते... लक्षात राहिलं नाही."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. शेवटी त्याने मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

लोरेनने पेटीचं दार लावलं.

"उद्यापासून आठवडाभर तुम्ही चर्चचं स्वयंपाकघर बघा, आर्डिस," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहताच म्हणाला. "इथे नको."

दवाखान्यात ग्लेंडनला तिनेच नेलं. तो वाटभर तिची समजूत घालत होता. "अगं, माझ्या डुकरांच्या कुंपणाची तार याहून जोरात हाणायची. मनाला लावून घेऊ नकोस." प्रत्येक वाक्याबरोबर आर्डिस सीटमध्ये आणखी खाली जात होती. ती खोटं बोलली होती याचं तिला तितकंसं काही वाटत नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट घोळत होती: उद्यापासून आठवडाभर तो तिथे असेल आणि ती आठ मैलांवर बटाटे सोलत बसेल. चुका दुरुस्त करणारे हात तिने स्वतःच तिथून काढून घेतले होते.

ती परतली तेव्हा व्हर्लिन चर्चच्या आवारातल्या त्यांच्या ट्रेलरमध्ये छोट्या टेबलाशी बसून सूप पीत होता. तिच्यासाठीही वाढून ठेवलं होतं.

"कसा आहे ग्लेंडन?"

"बरा आहे. दोन बोटं भाजलीत."

त्याने पावाचा तुकडा सुपात बुडवला. "मी होतो ना गं त्या पेटीपाशी?"

"तू पाणी प्यायला आला होतास."

"हो का," व्हर्लिन म्हणाला.

तो जेवत राहिला. मध्येच थांबून त्याने टेबलावरून हात पुढे केला, तिच्या केसांत अडकलेली जिप्समची भुकटी बोटाने झटकली, आणि पुन्हा चमचा उचलला.

*

चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर गार होतं आणि त्याला एकच खिडकी होती, तीही जमिनीला लागून. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. आर्डिसने दहा वाजेपर्यंत तीन वेळा ओटा पुसला, मसाल्याच्या बरण्या आधी उंचीप्रमाणे आणि मग अक्षरांप्रमाणे लावल्या, जिन्यावरून दोनदा वर जाऊन रस्ता पाहून आली.

"कुणाची वाट बघतेस?" ट्वायलाने विचारलं. ट्वायला ग्लेंडनची बायको, रोज वीस जणांचा स्वयंपाक करायची. आज नवऱ्याला वर पाद्रींच्या खोलीत झोपवून आली होती.

"कुणाची नाही."

"मग बस की जरा. बटाटे उभ्याने सोललेत तरी तेवढेच होतात."

आर्डिस बसली. दोन बटाटे सोलले. शनिवारच्या आत त्या घरात काय काय व्हायचं राहिलंय ते मनातल्या मनात मोजू लागली. छताचे पंखे. बाहेरचा दिवा. पाणी तापवायची टाकी, म्हणजे दोनशे चाळीस व्होल्टची जोडणी. आणि कुणाला विजेतलं काही अडलं की सगळी मंडळी मान वळवून एकाच माणसाला विचारायची, "व्हर्लिन, हे बघ ना जरा."

तिसरा बटाटा तिच्या हातातून सुटून जमिनीवर गडगडत गेला.

"मीठ संपलंय," ती उठत म्हणाली.

ट्वायलाने फळीकडे पाहिलं. मिठाचे चार डबे ओळीने उभे होते, आर्डिसनेच लावलेले. "संपलंय खरं," ट्वायला म्हणाली. "सावकाश चालव."

सावकाश चालवणं तिला जमलं नाही. रस्ता ओढ्याला धरून वळणं घेत जात होता. कडेच्या झाडांच्या उंच फांद्यांवर अजून पुराने अडकवलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक लोंबत होतं. एका अरुंद पुलावर समोरून दगडांनी भरलेला ट्रक आला आणि तिला थांबावं लागलं. ट्रकवाला पुलाच्या मधोमध थांबून खाली मासे धरणाऱ्या कुणाशीतरी गप्पा मारू लागला. आर्डिसने हॉर्नवर हात ठेवला, उचलला. कडेच्या टपालपेट्यांवरची नावं ती सवयीने वाचत होती. एकतीस वर्षं तिने गावोगाव टपाल वाटलं होतं. कुठल्याही रस्त्यावर गेलं तरी तिचे डोळे आधी पेट्याच शोधायचे. ट्रक हलला तेव्हा चार मिनिटं गेली होती. चार मिनिटांत काय काय होऊ शकतं हे तिने काल पाहिलं होतं.

घरापाशी पोहोचली तर करवतीचा आवाज नव्हता, ठोकाठोक नव्हती. ती जिना चढून थेट मागच्या खोलीत गेली.

वीजपेटीच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं.

"व्हर्लिन?"

उत्तर आलं नाही. ती खोल्या-खोल्यांतून गेली. न्हाणीघर, दोन्ही झोपायच्या खोल्या, पाण्याच्या टाकीचा कोनाडा. कुणी नाही. मागच्या दारात आल्यावर तिला खालून हसू ऐकू आलं. डेल्फियाचं, कोंबडीसारखं.

ट्रेलरच्या सावलीत दोघं बसली होती. डेल्फिया तिच्या नेहमीच्या खुर्चीत आणि व्हर्लिन एका पालथ्या बादलीवर. मध्ये शेंगांची टोपली. व्हर्लिनच्या एका हातात गोधडी शिवायची मोठी सुई होती, दुसऱ्या हातात घेवड्याची हिरवी शेंग. या भागात शेंगा अशा दोऱ्यात ओवून ओसरीत टांगतात आणि वाळल्या की हिवाळ्यात डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. चार माळा पूर्ण होऊन दोरीवर लटकत होत्या. पाचवी त्याच्या मांडीवरून खाली उतरत चालली होती, प्रत्येक शेंग नेमकी मधोमध टोचलेली.

"मग?" डेल्फिया विचारत होती. "पत्रं नव्हती तर गेली कुठे?"

"तेच तर!" व्हर्लिन म्हणाला. "रिटायर झाल्यानंतरचा पहिला सोमवार. साडेचारला उठली, डबा भरला, निघाली. ब्याण्णव मैल. प्रत्येक पेटीपाशी गाडी हळू करायची आणि पुढे जायची. एका शेतकऱ्याने तर पेटीत टाकायचं पत्र तिच्या हातात दिलं, म्हणाला, बरं झालं परत आलीस."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी पण. आठ महिने, मॅमॉ. रविवार सोडून रोज. मी ओसरीत बसून बघायचो. मला काय, मला ओसरी आवडायची. माझ्या हातची होती ती." त्याने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "मग एक दिवस मी ट्रेलर घेऊन आलो. म्हटलं, गाडी चालवायचीच आहे तर घर बरोबर घेऊ."

डेल्फिया पुन्हा हसली. आर्डिस दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खाली जायला पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय तिने मागे घेतला.

*

लोरेन घराखाली, खांबांच्या मध्ये वाकून नळाची जोडणी तपासत होता. तिला पाहून तो उभा राहायला गेला आणि तुळईला डोकं आपटून घेतलं.

"काल मी खोटं बोलले, लोरेन."

"माहीत आहे," तो डोकं चोळत म्हणाला.

"खटका मी नाही..."

"त्यांनी कालच सांगितलं. तुम्ही ग्लेंडनला घेऊन गेलात तेव्हा. ट्रकपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, मी केलं, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली, तिला रागावू नका." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मी तुम्हाला स्वयंपाकघरात पाठवलं ते शिक्षा म्हणून नाही. तुमचा चेहरा बघवत नव्हता मला."

ओढ्याचा आवाज येत होता, खोटा वाटावा इतका गरीब.

"आणि कालचंच नाही," लोरेन म्हणाला. आता सांगायला घेतलंय तर सगळं सांगून टाकावं, असा त्याचा चेहरा झाला होता. "जूनमध्ये तुम्ही दोघं आलात त्याच दिवशी त्यांनी मला विस्मरणाच्या आजाराचा डॉक्टरांचा कागद दाखवला होता. एप्रिलमध्ये ते चष्म्याचा नंबर काढायला गेले होते ना? तेव्हा काढलेला."

तिला आठवलं. नवा चष्मा आलाच नव्हता. तिने विचारलं तेव्हा म्हणाला होता, जुनाच ठीक आहे.

"मग ठेवून कशाला घेतलंत त्याला?" तिचा आवाज अचानक चढला. "कुणाचा जीव गेला असता काल!"

"हो. ती चूक माझी. मी त्यांना विजेच्या कामापासून लांब ठेवलं होतं, पेटीला कुलूप घालायचं मात्र सुचलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं आदल्या दिवशीचं काम तपासायचो. कधीच काही चुकलेलं सापडायचं नाही. वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय." तो किंचित हसला. "का सापडत नव्हतं ते आज सकाळी मॅमॉने सांगितलं."

आर्डिसने हातांकडे पाहिलं. नखांत बटाट्याची माती होती.

"त्यांनी गळ घातली म्हणून ठेवलं," लोरेन म्हणाला. "मी म्हटलं होतं, व्हर्लिन, आता घरी जा, मुलीजवळ राहा. तर म्हणाले, मी थांबलो की आर्डिसला थांबावं लागेल. आणि तिला बसवत नाही. वाळून जाईल ती."

ती तिथून निघाली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. घराला एक फेरी मारली, मग दुसरी. पिकअपपाशी गेली, दार उघडलं, किल्ली लावण्यापर्यंत हात गेला. मोठा रस्ता पाऊण तासावर होता. त्यावरून कुठेही जाता आलं असतं. नऊ वर्षं, अकरा राज्यं, आणि प्रत्येक चर्चच्या जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारायचं, काय हो, घरदार सोडून कसे काय निघालात? ती सांगायची, व्हर्लिनला बसवत नाही. आणि व्हर्लिन शेजारी बसून मान हलवायचा, कधी म्हणायचा, "खरंय, नाही बसवत." लोक हसायचे. त्याच्या हातची ओसरी आता कुणाच्या तरी मुलांच्या सायकली ठेवायला वापरतात, असं त्यांच्या मुलीने, जोलीनने एकदा फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी तो लवकर झोपायला गेला होता. दमला असेल, असं आर्डिसला वाटलं होतं.

तिने पिकअपचं दार पुन्हा लावलं. तिसरी फेरी ट्रेलरच्या सावलीपाशी संपली.

"आली बघ," डेल्फिया म्हणाली. "मीठ मिळालं का? ट्वायलाचा फोन आला होता."

"मिळालं," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. सकाळीच भेटले असूनही तो उजळला. "बघ काय शिकलो," त्याने माळ उचलून दाखवली. "लोरेन म्हणाला आज मॅमॉला मदत कर. मला आधी वाटलं टाळतोय. पण हे काम वाईट नाही गं."

"अजून एक बादली आहे तिकडे," डेल्फिया म्हणाली. "घे आणि बस. उभी राहून माझं ऊन अडवतेयस."

"तुम्ही सावलीत बसलायत, मॅमॉ."

"मग सावली अडवतेयस. बस."

आर्डिसने बादली आणली, पालथी घातली, बसली. डेल्फियाने तिला सुई दिली. पहिली शेंग तिने टोकाला टोचली आणि ती फाटली. व्हर्लिनने काही न बोलता तिचा हात धरला, सुईचं टोक शेंगेच्या मधोमध, दोन दाण्यांच्या मध्ये आणलं आणि सोडून दिलं. दुसरी नीट गेली. तिसरीही.

वर घरात लोरेनचं ड्रिल सुरू झालं आणि थांबलं.

"पुढचं काम मिसुरीत आहे म्हणे," व्हर्लिन शेंगांकडे बघत म्हणाला. "चक्रीवादळाचं. एका गावात चाळीस घरं गेलीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावं लागेल."

त्याने पुढची शेंग ओवली आणि म्हणाला, "मला चालेल."

नऊ वर्षांत हे दोन शब्द तिने किती वेळा ऐकले होते. टेक्सासला. लुइझियानाला. गेल्या नाताळात, जोलीन गेटपाशी उभी राहून हात हलवत असताना. आर्डिसने आणखी एक शेंग उचलली, तिची शीर काढली, ती बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"माझे गुडघे दुखतात रे हल्ली," ती म्हणाली.

व्हर्लिनच्या हातातली सुई थांबली.

"कधीपासून?"

"झाले की चार-सहा महिने. बोलले नाही. जिना चढवत नाही, गाडीत फार वेळ बसलं की आखडतात." ती सुईकडे बघत होती. "मी काय म्हणते, जोलीनच्या मागच्या अंगणात ट्रेलर उभा करायचा का? या हिवाळ्यापुरता तरी. तिच्या ओसरीचं लाकूडही कुजलंय म्हणत होती. तुला चालेल का बघ. तुला बसवत नाही, माहितीय मला."

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. डेल्फियाही बघत होती, या बाईला रोज सकाळी साडेसहाला तो उंच जिना एका दमात चढताना जिने पाहिलं होतं ती डेल्फिया. तिने तोंड उघडलं नाही.

"गुडघे दुखत असतील तर मग काय," व्हर्लिन सावकाश म्हणाला. "मग थांबायलाच पाहिजे."

"हो ना."

"मला चालेल," तो म्हणाला, आणि या वेळी ते शब्द म्हणून झाल्यावर त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मांडीवरची माळ हलली. तो पुन्हा ओवायला लागला. थोड्या वेळाने त्याने शीळ घालायला सुरुवात केली.

आर्डिस ताठ बसली होती. हातात सुई होती, शेंगा एकामागून एक दोऱ्यावर चढत होत्या, पण तिची उजवी टाच जमिनीवर आपटत होती, पटापट, एका लयीत, थांबायचं नाव नाही. तिने डावा पाय तिच्यावर दाबून धरला. मग दोन्ही पाय हलायला लागले.

डेल्फियाने खुर्चीतून वाकून शेंगांची टोपली उचलली आणि ती आर्डिसच्या पायांपुढे, व्हर्लिनच्या बाजूला, आडोशासारखी सरकवून ठेवली.

"पुष्कळ शेंगा आहेत अजून," ती म्हणाली.